अर्धा इंच म्हणजे नेमका कुठला?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत सीएनसी मशिनांचा छोटा कारखाना चालवणारा एक तरुण या पावसाळ्यात भेटायला आला. त्याच्याकडे आटे तपासायच्या गेजची चौकशी आली होती. संरक्षण खात्याला माल पुरवणाऱ्या कुणाला तरी पिस्तुलाच्या नळीच्या तोंडावरचे आटे तपासायचे होते आणि कागदावर दोन मापं होती. एक अर्धा इंच, इंचाला २८ आटे, उजवा. दुसरं साडेतेरा मिलिमीटर, पिच एक मिलिमीटर, डावा. "काका, गोळी दोन्हीकडे नऊ मिलिमीटरचीच आहे. मग आटे दोन कसे?" त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या टूलरूमचा पत्ता दिला, कारण असली गेजं घासून देणारा हात मला तिथेच ठाऊक होता. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गाळा विकला गेला होता. प्लग गेज, रिंग गेज, मास्टर, लाकडी खोक्यांसकट सगळं भंगारवाल्यानं किलोच्या भावानं उचललं होतं आणि तिथे आता कुरिअरचं गोदाम होतं. त्या फोननं जे लागलं ते अजून गेलेलं नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हे आटे असतात सायलेन्सरसाठी; तो नळीच्या तोंडावर आट्यांनी बसतो. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याखाली नोंदणी करून सामान्य माणूस तो घेऊ शकतो, म्हणून तिकडे कारखान्यातूनच आटे पाडलेल्या नळ्या मिळतात. त्यांच्या नऊ मिलिमीटरच्या नळ्यांवर बहुतेक अर्धा इंच-२८ हा आटा असतो. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांनी साडेतेरा गुणिले एक, डावा, हा आटा धरला. .४५ च्या पिस्तुलांतही हाच प्रकार: अमेरिकेत .५७८ इंच-२८, युरोपात सोळा गुणिले एक, डावा. काडतूस शंभर वर्षांहून जुनं आणि जगभर एकच. नळीच्या टोकाचा आटा मात्र ज्यानं त्यानं आपापला. आपल्याकडे परवानाधारकालाही सायलेन्सर बाळगता येत नाही, तेव्हा हा विषय फौजेच्या पुरवठादारांपुरताच आहे. पण अर्धा इंच आणि साडेतेरा मिलिमीटर यांत फरक जेमतेम आठ दशांश मिलिमीटरचा. नजरेला दोन्ही नळ्या सारख्याच. आटा चुकला किंवा तिरका बसला तर गोळी सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांवर आदळते. पिस्तूल असो की नळाची तोटी, दुखणं तेच आहे, आणि ते ओळखणारी माणसं आमच्या ठाणे-अंबरनाथ पट्ट्यात होती.

जुना इतिहास फार लांबवत नाही. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये ५५ अंशांचा, गोल माथ्याचा आटा मांडला आणि इंग्लंडमधून आलेल्या यंत्रांबरोबर तो आपल्याकडे आला. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मर्लिन इंजिनं डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड कंपनीनं बनवायला घेतली तेव्हा दोन मित्रदेशांचे नटबोल्ट एकमेकांत बसत नाहीत हे सगळ्यांना जड गेलं. शेवटी १८ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी युनिफाइड आटा मान्य केला. आपण १९५६ च्या डिसेंबरात दशमान मापांचा कायदा केला, साठच्या दशकात मेट्रिक आट्यांचं भारतीय मानक आलं. कागदावर सारं ठीक झालं. वर्कशॉपमध्ये मात्र लेथ इंची होता, टॅप इंची होते आणि बोलणं सुतात होतं. तीन सूत म्हणजे पाऊण इंचाचा निम्मा, हे ज्याला सांगावं लागे त्याला कुणी मशिनवर उभं करत नसे.

सत्तरच्या दशकाविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. मी सांगू शकतो ते १९८४ ते १९९४ या काळाविषयी. ठाण्यातल्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला होतो, राहायला डोंबिवलीत. सकाळी लोकलनं ठाणे, संध्याकाळी उतरल्यावर घरी जाण्याआधी डोंबिवली एमआयडीसीच्या फेज वनमधल्या जॉबरांकडे चक्कर. मुलुंड चेकनाक्यापासून वागळेच्या नंबरी रस्त्यांपर्यंत आणि इकडे डोंबिवलीच्या दोन फेजांपासून अंबरनाथपर्यंत शेकडो गाळे होते. दोन लेथ, एक शेपर, एक खांबाचं ड्रिल, भिंतीला विश्वकर्म्याची तसबीर. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत शिकून बाहेर पडलेला एखादा माणूस ज्या गाळ्यात असे, तिथे काम डोळे मिटून द्यावं. शुक्रवारी डोंबिवली एमआयडीसीची सुट्टी. त्या दिवशी मालक नागदेवी स्ट्रीटला टॅप आणि डाय आणायला जात आणि गेज तपासून घ्यायला वागळेला येत.

त्या गाळ्यांत मेट्रिक आटा पाडणं म्हणजे काय होतं, हे आजच्या मुलांना कळावं म्हणून सविस्तर सांगतो. लेथचा लीड स्क्रू इंची. त्यावर मिलिमीटरचा आटा काढायचा तर १२७ दात्यांचं चाक लागतं, कारण २५.४ ला पाचनं गुणल्याशिवाय पूर्णांक मिळत नाही. एवढं मोठं चाक सगळ्यांकडे नसे. मग ६३ दात्यांचं चाक लावून भागवत. त्यानं येणारी चूक मीटरभर लांबीत साधारण एक अष्टमांश मिलिमीटर. बोल्टला चालतं, लांब लीड स्क्रूला चालत नाही, आणि कुठे चालतं, कुठे नाही, हे त्या टर्नरला पाठ असे. शिवाय मेट्रिक कापताना हाफ नट उघडायची सोय नाही. प्रत्येक कटनंतर टूल मागे घ्यायचं, मशीन उलटं फिरवायचं आणि परत पहिल्यापासून. विसरून हाफ नट उघडला की जॉब गेला. चाळीस चाळीस नग असेच काढणारी माणसं मी पाहिली आहेत. मग तीन तारा लावून मायक्रोमीटरनं माप. ६० अंशांच्या आट्याला तार पिचच्या ०.५७७ पट, व्हिटवर्थला ०.५६४ पट. फेज वनमधल्या एका गाळ्यात हे आकडे खडूनं दारामागे लिहिलेले होते आणि दरवर्षी रंग दिल्यावर पुन्हा लिहिले जात.

नव्या पोराची परीक्षा सोपी होती. ताटलीत मिसळलेले बोल्ट द्यायचे आणि पिच गेज द्यायचं. व्हिटवर्थ वेगळे काढ, युनिफाइडचे, म्हणजे यूएनसी, वेगळे काढ. पाव इंचाला दोन्हीकडे २० आटे, तीन सुताला १६. नट एकमेकांवर चढतो, कोनातला फरक ढिलाईत खपून जातो. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. जो पोरगा चार सुताचा नट अर्ध्यात अडकल्यावर पान्यानं रेटत असे, त्याला त्या दिवशी झाडू मिळे. जो थांबून विचारत असे, तो टिकला.

डावा आटाही आम्ही असाच शिकलो. अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरचा आटा डावा, ऑक्सिजनचा उजवा. अ‍ॅसिटिलीनच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचही असते, म्हणजे अंधारात बोटांनाही कळावं. चुकीची नळी चुकीच्या बाटलीला लागूच नये म्हणून कुणीतरी एकदा हा नियम केला आणि त्यानं किती जीव वाचवले याची मोजदाद कुणाकडे नाही. मानकाचं मोल मला पुस्तकातून कळलं नाही, त्या खाचेवरून बोट फिरवताना कळलं.

आता एक जुनं येणं वसूल करतो. १९८९ च्या सुमारास एका मोठ्या कंपनीनं डोंबिवलीतल्या माझ्या ओळखीच्या जॉबरला पितळी अडॅप्टरची ऑर्डर दिली. ड्रॉइंगवर लिहिलं होतं: अर्धा इंच आटा. बस्स, एवढंच. आपल्याकडे पाइपाचा अर्धा इंच म्हणजे बीएसपी, ५५ अंश, १४ आटे. जॉबरनं फोन करून विचारलं. खरेदीच्या साहेबांनी उत्तर दिलं, नेहमीचाच. त्यांच्या कारखान्यातलं यंत्र अमेरिकन होतं आणि त्याचा अर्धा इंच म्हणजे एनपीटी. तिथेही १४ च आटे, पण ६० अंश आणि व्यास किंचित मोठा. म्हणून फसवणूक पूर्ण होते. दोन वेढे सरळ जातात, माणसाला वाटतं बसलं, आणि दाब आला की गळतं. पूर्ण लॉट परत आला, सोबत डेबिट नोट. जॉबरनं फोनचा दाखला दिला. साहेब म्हणाले, लेखी दाखवा. त्या माणसानं एक लेथ विकून पितळेचे पैसे भरले. साहेबांना बढती मिळाली. ज्यांनी आयुष्यभर ड्रॉइंगवर मानकाचं नाव लिहिलं नाही आणि दोष कायम कारागिराच्या माथी मारला, अशा साहेबांचा हा पट्टा बुडवण्यात मोठा वाटा आहे. दरवेळी फक्त संपांना आणि युनियनना दोष देणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

नव्वदीच्या मध्यावर प्रीमियरच्या डोंबिवलीजवळच्या कारखान्यात प्युजो ३०९ बनू लागली तेव्हा काही काळ चांगले दिवस दिसले. ६एच, ६जी असे टॉलरन्सचे वर्ग स्वच्छ लिहिलेली ड्रॉइंगं फेज वनच्या गाळ्यांत मी तेव्हा प्रथम पाहिली. आमच्या जॉबरांनी ती पेललीही. १९९७ मध्ये तो प्रकल्प संपला. पुढच्या वर्षांबद्दल लिहायला हात उचलत नाही. वागळेत कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मोहन्यातल्या एनआरसी कारखान्याला २००९ मध्ये टाळं लागलं, ठाण्याच्या रेमंडची जागा घरांच्या जाहिरातींत दिसू लागली. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं आणि त्याचे अंबरनाथमधले शेजारी शेजारी असलेले दोन कारखाने दोन वेगळ्या सरकारी कंपन्यांत गेले. प्रीमियरचं नाव आता सभांच्या बातम्यांत मैदानापुरतं येतं.

मला सीएनसीचा राग नाही. फॅनुकच्या एका ओळीत आटा निघतो आणि तो आमच्या हातांपेक्षा सरळ निघतो. १२७ दात्यांचं चाक कुणी पुन्हा आणा, असं मी म्हणणार नाही. राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. मशीन सांगितलेला आटा बिनचूक पाडतं, पण कुठला पाडायचा हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते विचारायची सवय आपण मोडली. आज चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून येते. शेजारी पट्टी ठेवलेली, खाली लिहिलेलं 'अर्धा इंच, अर्जंट'. ना पिच, ना कोन, ना उजवा-डावा, ना फिटचा वर्ग. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बाहेरून आणलेल्या नळाचा आटा एनपीटी निघाला तर प्लंबर टेफ्लॉनचे दहा वेढे देऊन तो बीएसपीत रेटतो आणि पैसे घेऊन जातो. पूर्वी सफेदा आणि ताग लावणारा प्लंबर आधी हातानं आटा फिरवून बघत असे. वर्षाभरानं खालच्या मजल्याचं छत भिजतं, सोसायटीत भांडण होतं आणि दोष बिल्डरच्या सिमेंटला जातो.

गेज तर कुणाला नकोच. आटा तपासायचा म्हणजे समोरचा भाग आणून फिरवून पाहायचा. बसला की पास. पण दोन चुकीचे भाग एकमेकांत बसू शकतात, आणि म्हणूनच गो आणि नो-गो अशी दोन टोकं असतात. गो गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. बसतो की नाही, हा प्रश्न अर्धाच आहे. नको तिथे बसत नाही ना, हा उरलेला अर्धा. पिस्तुलाच्या नळीचा आटा तपासायला निघालेल्या त्या तरुणाला हे माहीत होतं, म्हणून तर तो गेज शोधत फिरत होता. मुंबईजवळच्या एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात त्याला ती मिळाली नाहीत. अखेर त्यानं पुण्याहून मागवली.

हे वाचणाऱ्यांत अजून गाळे चालवणारे असतील, निवृत्त झालेले टूलरूमवाले असतील, वडिलांचा बंद कारखाना विकायला काढलेली मुलं असतील. त्यांना माझी विनंती आहे. गाळा विका, लेथ विका, पण गेजची खोकी भंगारात घालू नका. जुनी गेजं झिजलेली असली तरी शिकवायला उपयोगी पडतात. ठाण्याच्या किंवा अंबरनाथच्या आयटीआयमध्ये टर्नर-फिटर शिकवणाऱ्या मास्तरांना गाठा आणि ती त्यांच्या हाती द्या. आणि जे अजून ऑर्डर काढतात त्यांनी प्रत्येक ड्रॉइंगवर चार गोष्टी लिहाव्यात: मानकाचं नाव, पिच, उजवा की डावा, फिटचा वर्ग. त्या न लिहिता आलेली ऑर्डर, कितीही मोठ्या कंपनीची असली तरी, जॉबरनं हातात घेऊ नये.