आपल्या माणसाची बोली

आमच्या तारापुरात संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की नाक्यावरच्या चहाच्या दुकानासमोर एक सभा भरते. या सभेला अध्यक्ष नाही, ठराव नाही, आणि आभारप्रदर्शन तर मुळीच नाही. अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले एक साहेब, दागिन्यांच्या डाय कोरण्यात उभी हयात घालवलेले अण्णा, बोईसरच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारी दोन-तीन तरुण मुले, आणि बोलण्याखेरीज दुसरा धंदा नसलेला मी, मराठीचा प्राध्यापक, एवढेच आम्ही सभासद. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा पहिला चहा संपून दुसरा मागवला गेला होता. म्हणजे विषय मोठा होता.

"मास्तर, आपलं पोर घरी आलं!" अण्णांनी मला लांबूनच हाळी दिली.

पोर म्हणजे शार्दूल ठाकूर. लखनौच्या संघाने त्याला मुंबई इंडियन्सला देऊन टाकले होते. किंमत २ कोटी रुपये.

"घरी आलं हे खरं," साहेब म्हणाले, "पण किती रुपयांत आलं ते बघा. चार वर्षं झाली नाहीत, याच पोराला दिल्लीवाल्यांनी पावणेअकरा कोटी मोजले होते. वस्तू तीच आणि भाव पाचवा हिस्सा. याला तुम्ही घरी येणं म्हणता?"

झाले! पुढे दीड तास कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

वाचकहो, मुंबईपलीकडच्या मंडळींना आमच्या या तळमळीचे कदाचित नवल वाटेल. शार्दूल हा पालघरचा. १९९१ सालचा जन्म. क्रिकेट म्हणजे दादर आणि शिवाजी पार्क अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी पालघर चर्चगेटपासून नव्वदेक किलोमीटरवर आहे हे लक्षात घ्यावे. आमच्याकडे डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी शटल आणि पॅसेंजर गाड्यांचा हिशेब जुळवीत, विरारला गाडी बदलून, खांद्यावर किटची अवजड पिशवी घेऊन मुंबईचे मैदान गाठायचे आणि संध्याकाळी तसेच परतायचे. २००६ च्या सुमारास बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्धच्या सामन्यात या मुलाचा खेळ दिनेश लाड या प्रशिक्षकांनी पाहिला, आणि रोजचा प्रवास झेपणार नाही म्हणून वडील कचरू लागले तेव्हा लाडांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. हेच लाड रोहित शर्माचेही गुरू. पुढे २०१८ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून विमानातून उतरलेला शार्दूल अंधेरीला लोकल पकडून पालघरला आला, आणि डब्यातली कॉलेजची मुले मोबाईलवर त्याचा फोटो काढून समोरच्या माणसाशी ताडून पाहू लागली, ही हकिगत वर्तमानपत्रांतच आलेली आहे. जो माणूस आपल्या गाडीतून उभ्याने प्रवास करतो त्याच्या भावाची चर्चा आपण परक्यासारखी कशी करणार?

साहेबांचे मात्र सारे आकड्यांत. त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या मागे उताराच मांडला. २०१४ साली पंजाबने घेतले २० लाखांना. २०१८ साली चेन्नईने घेतले २ कोटी ६० लाखांना. २०२२ साली दिल्लीने १० कोटी ७५ लाख. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीने तो कोलकात्याला दिला, एका मोसमानंतर कोलकात्याने सोडला, आणि २०२३ च्या डिसेंबरात चेन्नईने पुन्हा उचलला तो ४ कोटींना. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला मोठा लिलाव झाला. तिथे २ कोटींच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही.

जेद्दाचे नाव निघताच सगळे गप्प झाले. ज्याने २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला ६ बाद १८६ अशा स्थितीत येऊन ६७ धावा काढल्या आणि त्या कसोटीत सात बळी घेतले, त्याच वर्षी ओव्हलवर ५७ आणि ६०, आणि २०२२ च्या आरंभी जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत सात गडी, त्याच्या नावावर एक बोली लागू नये! पण साहेबांचेही खरे होते. वीस षटकांच्या खेळात कसोटीचा पराक्रम चालणी नाणे नव्हे. २०२४ च्या मोसमात चेन्नईसाठी त्याला नऊ सामन्यांत अवघे पाच बळी मिळाले होते.

"बोली" या शब्दाशी माझे जुने सख्य आहे. वर्गात मी वाडवळी, मांगेली, वारली या आमच्या किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या बोलींविषयी बोलतो. लिलावाची बोली तीच. माणसाच्या तोंडून निघते ती बोली, आणि माणसावर लागते तीही बोली. दुसरीच्या वेळी त्या माणसाने मात्र मुकाट बसायचे असते. "बदली" हा असाच दुसरा शब्द. सरकारी माणसाला तो घाबरवतो. शार्दूलला मात्र त्याने तारले, कारण २०२५ च्या मार्चमध्ये लखनौचा मोहसीन खान दुखापतीने बाहेर पडला आणि त्याच्या जागी बदली खेळाडू म्हणून याला बोलावणे आले. किंमत तीच २ कोटी. दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत चार बळी घेतले आणि स्पर्धेतल्या शंभर बळींचा टप्पाही ओलांडला.

आता या सौद्यांची रीत. पुष्कळांना वाटते की मालकांनी परस्पर माणसे विकावीत असा हा बाजार आहे. तसे नाही. मोसम संपल्यावर ठराविक मुदतीपुरती खिडकी उघडते. तेवढ्या काळात एक संघ दुसऱ्याकडून खेळाडू पैसे देऊन घेऊ शकतो किंवा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देऊ शकतो, आणि खेळाडूची संमती लागते. त्याचा ठरलेला मोबदला नव्या संघाच्या थैलीतून वजा होतो. त्याखेरीज सोडणाऱ्या संघाला जी रक्कम पोचते ती थैलीत धरत नाहीत आणि बाहेर सांगतही नाहीत. वादाला खरे खाद्य पुरवते ते हेच! न सांगितलेल्या आकड्यावर आमच्या नाक्यावर जितके पांडित्य होते तितके सांगितलेल्यावर होत नाही.

त्याच आठवड्यात चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला. जडेजाचा मोबदला १८ कोटींवरून १४ वर आला. अण्णा म्हणाले, "बारा वर्षं एका घरात राबलेला माणूस असा देतात होय?" बारा की किती यावर पुन्हा पाच मिनिटे गेली.

आणि मग, जसे होणारच होते, गाडी हार्दिक पंड्यावर आली. तरुण मुले या जागेची वाटच पाहत होती. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईने हार्दिकला गुजरातकडून १५ कोटींच्या मोबदल्यावर परत आणले आणि पंधरवडा उलटून थोडे दिवस झाले नाहीत तोच त्याला कर्णधार केले. पाच वेळा करंडक आणणारा रोहित पायउतार झाला. पुढच्या मोसमात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली, चौदापैकी चार सामने जिंकून संघ तळाला गेला, आणि प्रशिक्षक मार्क बाउचर यांच्या जागी महेला जयवर्धने परत आले. २०२५ ला संघ चौथा आला, बाद फेरीत गुजरातला हरवले आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर पंजाबकडून हरला.

"कर्णधार बदला," एक मुलगा म्हणाला. "प्रशिक्षक आला म्हणून संघ वर आला, कर्णधारामुळे नव्हे," दुसरा म्हणाला. साहेबांचे मत असे की संयंत्र बंद पडले की आधी पाळीप्रमुखाला धरतात, कारण यंत्र बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. मला हे पटले. हार्दिकला जी हुर्यो मिळाली ती मूळ त्याला उद्देशून नव्हतीच. निर्णय घेणारे काचेमागे बसतात आणि आवाज पोचतो तो मैदानात उभा असलेल्याला.

अमेरिकेत बेसबॉलचे वेड आहे, आणि असल्या अदलाबदलीची ती तर गंगोत्री. तिथल्या बोस्टनच्या संघाने बेब रूथ या अवलियाला १९१९ च्या अखेरीस न्यूयॉर्कला एक लाख डॉलरला विकण्याचे ठरवले; त्या सौद्याबद्दल बोस्टनकर पिढ्यानुपिढ्या हळहळत राहिले. पण मला अधिक जवळचा वाटतो तो कर्ट फ्लड. बारा मोसम तो सेंट लुइसकडून खेळला. १९६९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे आमचे अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर चालू झाले त्याच महिन्यात, त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. तो गेला नाही. मी मालमत्ता नव्हे, असे त्याने खेळाच्या आयुक्तांना कळवले आणि तो न्यायालयात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला, आणि तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. पुढे तीनच वर्षांनी खेळाडूला जन्मभर एका मालकाशी बांधणारे ते कलम मोडले. फळे दुसऱ्यांनी खाल्ली. आज खेळाडूची संमती विचारली जाते ती उगाच नाही, हे मी मंडळींना सांगितले, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "मग आमच्या बोईसरच्या कंत्राटी पोरांना कोण विचारतो?"

त्यांचे हे वाक्य मला महिन्याने आठवले.

आमच्या भागात हिवाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, आणि हल्ली त्यांतही लिलाव असतो. समाजमंदिरात खुर्च्या मांडतात, प्रत्येक संघाला दहा हजार पॉइंट देतात, भिंतीवर खेळाडूचा फोटो पडतो आणि बोली सुरू होते. उच्चार स्वच्छ म्हणून डिसेंबरात नावे पुकारायला मला बसवले. पहिला तासभर मला गंमत वाटली. मग एक नाव आले, ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे. तेज गोलंदाज, वय तेवीस, एका कारखान्यात कंत्राटावर. कंत्राटदार बदलला की हाही नव्या कंत्राटदाराच्या यादीत जातो. आदल्या वर्षी तो अठराशेला गेला होता. मूळ किंमत पाचशे. मी नाव पुकारले. कोणी बोलले नाही. नियमाप्रमाणे पुन्हा पुकारले. पहिल्या रांगेत बसलेला त्याच्या जुन्या संघाचा कप्तान मोबाईल पाहत राहिला. मुलगा दाराशी उभा होता, कारण खुर्च्या त्यानेच लावल्या होत्या. मी हातोडी आपटली आणि पुढचे नाव घेतले. वर्गात नापासांची यादी वाचताना माझा आवाज कधी कापला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर कप्तानाला हाकलण्याचा ठराव जवळजवळ संमत झाला. तो बिचारा स्वतःच येऊन उभा राहिला. "सर, माझ्याकडे सहाशे पॉइंट उरले होते आणि यष्टिरक्षक एकही नव्हता. याला घेतला असता तर स्टम्पामागे कोणाला उभा करणार?" यावर कोणाला उत्तर सुचले नाही. जेद्दाला बसलेल्यांचेही गणित काही वेगळे नसणार. लिलावात माणसाची किंमत ठरते असे आपण म्हणतो; ठरते ती फार तर त्या घटकेला समोरच्याच्या खिशात काय उरले आहे आणि घरात काय कमी आहे, याची बेरीज. अण्णांना हे बिलकूल पटले नाही. "चांगली डाय फळीवर पडून राहिली म्हणून बोथट होत नाही, मास्तर, पण ज्याला पोट भरायचंय त्याला हे सांगून काय उपयोग?"

आठवड्याने चिंचणीकडच्या एका संघातला गोलंदाज पाय मुरगळून बसला आणि त्यांनी आमच्या या मुलाला बदली म्हणून विचारले. तो माझ्याकडे आला. पहिलाच सामना आमच्या गावच्या संघाशी होता. "जाऊ का, सर?" मी म्हटले, जा. अण्णांनी त्याला उलट सल्ला दिला: गावाविरुद्ध चेंडू टाकू नकोस, एक वर्ष थांब. आम्हा दोघांत यावरून चांगलीच जुंपली. मी शार्दूलचा लखनौचा दाखला दिला. ते म्हणाले, त्याच्या मागे मुंबईची रणजी होती, याच्या मागे काय आहे? खरेच होते. जेद्दानंतरचा तो हिवाळा शार्दूलने रणजीत शतक ठोकून आणि बळी घेऊन काढला होता. आमच्या मुलाला थांबण्यासाठी जागाच नव्हती.

तो गेला. जानेवारीतल्या त्या सामन्यात त्याने दोन षटकांत एकोणीस धावा दिल्या आणि एक बळी घेतला, तो आमच्या कप्तानाचा. गावची निम्मी मंडळी टाळ्या वाजवावी की नाही या विचारात पडली. सदऱ्यावर मागे त्या जायबंदी गोलंदाजाचे नाव छापलेले होते. त्याच्या आईने रात्री बसून त्यावर पांढरी पट्टी शिवली होती, आणि पळताना तिचे एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होते. अण्णा माझ्याशेजारी बसले होते. ते चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. कप्तानाचा त्रिफळा उडाला तेव्हा त्यांनी न बोलताच आपल्या पुडीतले खारे शेंगदाणे माझ्यापुढे केले.