पेंढ्याच्या हिशेबातला पगार

जालन्याच्या विजय झोलने २०११-१२ च्या हंगामात कूचबिहार करंडकाच्या सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या, तेव्हा मराठवाड्यातील क्रीडारसिकांना झालेला आनंद केवळ आकड्यांचा नव्हता. क्रिकेट ही पुण्या-मुंबईची मिरास आहे, ही समजूत त्या एका डावाने मोडली होती. पुढे रणजी पदार्पणात त्याने द्विशतक काढले, २०१४ च्या युवा विश्वचषक स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले आणि त्याच वर्षीच्या आयपीएल लिलावात बंगळूरच्या संघाने त्याला ३० लाख रुपयांना घेतले. त्याच संघाने त्याच लिलावात युवराजसिंगसाठी १४ कोटी मोजले आणि यजुवेंद्र चहल नावाचा फिरकी गोलंदाज १० लाखांत मिळवला. बियाणे आणि लोखंडी सळई यांच्या व्यापारावर वाढलेल्या जालन्याला भावातील चढउतार नवे नाहीत. तरीही माणसाचा भाव जाहीरपणे पुकारला जाताना पाहून अनेकांना अवघडल्यासारखे झाले असेल, आणि ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

परंतु लिलावात पुकारला गेलेला भाव निदान सर्वांच्या कानावर पडतो. चिंता करायला हवी ती न पुकारल्या जाणाऱ्या भावाची.

व्यावसायिक खेळात संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा घालण्यामागे एक सरळ विचार असतो. ज्याच्याकडे पैसा अधिक त्याने सगळेच उत्तम खेळाडू घेतले, तर सामना सुरू होण्यापूर्वीच संपेल. म्हणून प्रत्येकाला सारखी थैली द्यायची आणि तीत बसेल तेवढेच घ्यायला लावायचे. २००८ च्या पहिल्या आयपीएल लिलावात ही थैली प्रत्येकी ५० लाख डॉलरची होती. २०१४ मध्ये ती ६० कोटी रुपये झाली आणि २०२५ च्या हंगामासाठी १२० कोटी. मर्यादा वाढत गेली, पण ती आहे म्हणूनच जयपूरच्या संघाने २००८ साली मोठमोठ्या उद्योगपतींच्या संघांना मागे टाकून पहिले अजिंक्यपद मिळवले, ही गोष्ट तिच्या बाजूने नमूद केली पाहिजे.

आता मर्यादा घातली की ती ओलांडण्याची वाट शोधणारे निघतात, हाही जुनाच अनुभव आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या वेतनावर १९०१ साली आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. पाच वर्षांच्या आतच मँचेस्टर सिटी क्लब खेळाडूंना गुपचूप अधिक पैसे देत असल्याचे उघड झाले आणि १९०६ मध्ये त्या क्लबच्या १७ खेळाडूंवर बंदी आली. याहून रंजक प्रकरण १९५७ मधील संडरलंडचे. या क्लबने मैदानासाठी घेतलेल्या पेंढ्याची बिले फुगवली होती. एका मैदानाला लागेल त्याच्या कितीतरी पट पेंढा कागदोपत्री खरेदी झाला आणि वरचा पैसा खेळाडूंच्या खिशात गेला. एका निनावी पत्रामुळे हे बिंग फुटले. क्लबला ५,००० पौंड दंड झाला आणि अध्यक्षांवरही कारवाई झाली. चाऱ्याच्या बिलातून माणसांचे पोट भरण्याची ही कला आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे, असे म्हणण्याचे धाडस दुष्काळी जिल्ह्यातील वाचक तरी करणार नाही.

संडरलंडच्या कथेतून एक महत्त्वाची गोष्ट मात्र निसटू देता कामा नये. तेव्हाची कमाल मर्यादा खेळाडूवर अन्याय करणारीच होती. हजारो प्रेक्षक तिकीट काढून ज्याला पाहायला येत, त्याने कुशल कामगाराच्या पगारापेक्षा फारसे अधिक मागू नये, असा तो न्याय होता. जिमी हिल याच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कुठे १९६१ च्या जानेवारीत ही मर्यादा गेली. त्या वेळी ती २० पौंड होती आणि लवकरच जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. मर्यादा अन्यायाची असली की चोरवाट ही न्यायाची वाट भासू लागते, आणि मग चोर कोण व साव कोण हे ठरवणे अवघड जाते. आयपीएलच्या प्रकरणांकडे पाहतानाही हे ध्यानात ठेवावे लागते.

आयपीएलच्या पहिल्या वर्षांत भारताकडून न खेळलेल्या देशी खेळाडूंना लिलावात उभे राहण्याची मुभाच नव्हती. २००८ मध्ये युवा संघातील मुलांची वाटणी झाली ती ठराविक मानधनावर. विराट कोहली बंगळूरला मिळाला तो ३०,००० डॉलरमध्ये. पुढे २०११ पासून १० लाख, २० लाख व ३० लाख अशा तीन पायऱ्या ठरवण्यात आल्या. म्हणजे परदेशी व नामवंत खेळाडूंसाठी बाजार खुला आणि जिल्ह्यातून वर येणाऱ्या मुलासाठी मात्र सरकारी श्रेणी! या श्रेणीत पदोन्नतीही ठरलेली आणि घासाघीस केली तर शिस्तभंग. अशा स्थितीत एकाच मुलावर दोन श्रीमंत संघांची नजर असेल, तर त्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायची कशाने? उघड पैशाने करता येत नाही. क्रिकेटवर्तुळात त्या काळी मोटारींच्या, घरांच्या आणि रोख रकमांच्या कुजबुजी चालत त्या यामुळेच. कुजबुज हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण नियमाने ज्या व्यवहाराला दुसरी वाटच ठेवली नव्हती, त्याबद्दल संशय उत्पन्न झाला तर दोष संशय घेणाऱ्याचा नाही.

याच काळात दोन प्रकरणे गाजली. राजस्थानकडून खेळणाऱ्या रवींद्र जडेजाने नव्या करारावर सही न करता मुंबईच्या संघाशी परस्पर बोलणी केल्याचे आढळले आणि २०१० चा संपूर्ण हंगाम त्याला घरी बसावे लागले. वय अवघे एकवीस. दुसरे प्रकरण मनीष पांडेचे. आयपीएलमध्ये शतक काढणारा हा पहिला भारतीय. पुणे वॉरियर्स या नव्या संघात जाताना केलेल्या वाटाघाटींत नियमभंग झाल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि २०११ मध्ये पहिल्या चार सामन्यांतून त्याला वगळण्यात आले. चोरट्या पैशाची देवघेव सिद्ध झाली, असे या दोघांच्याही बाबतीत म्हणता येणार नाही. झाली ती वाटाघाट. पण वाटाघाटीला दोन पक्ष लागतात, आणि दोन्ही वेळा मैदानाबाहेर बसला तो खेळाडू. ज्या दोन संघांची नावे या प्रकरणांशी जोडली गेली, ते दोन्ही आपापल्या हंगामात पूर्ण खेळले.

ती श्रेणी किती खोटी होती, हे २०१४ साली एका दिवसात दिसून आले. त्या वर्षी प्रथमच अशा देशी खेळाडूंना लिलावात उभे करण्यात आले आणि रेल्वेच्या कर्ण शर्माला हैदराबादने ३ कोटी ७५ लाखांना घेतले. आदल्या वर्षी तो याच हैदराबादकडून खेळला होता, तेव्हा नियमाप्रमाणे त्याची कमाल किंमत ३० लाख. वर्षभरात त्याची विद्या बारा पटींनी वाढली असे कोणी म्हणणार नाही. वाढला तो बाजारात उभे राहण्याचा हक्क. याचा अर्थ असा की तत्पूर्वीची तीन वर्षे हा फरक कुठेतरी जिरत होता. बहुतेकांच्या बाबतीत तो संघमालकाच्या तिजोरीत जिरला असणार. काहींच्या बाबतीत दुसरीकडे. कुणाच्या, ते कळायला मार्ग नाही, कारण करारपत्रे कधी लोकांसमोर आलीच नाहीत.

शिक्षक आणि कारकून वर्गाला या व्यवहारात एक ओळखीची खूण दिसावी. काही विनाअनुदानित शाळांत पूर्ण वेतनाच्या पावतीवर सही घेऊन हातात त्याच्या निम्मे ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दोन आकड्यांचा कागद नवा नाही. तिथे कागदावर जास्त व हातात कमी. वेतनमर्यादा चुकवणाऱ्या संघात कागदावर कमी व हातात जास्त. दिशा उलटी असली तरी दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: तक्रार करायची तर आधी आपलीच सही खोटी होती हे कबूल करावे लागते. त्यामुळे असे व्यवहार सहसा आतून फुटत नाहीत.

नोकरीच्या रूपाने खेळाडूला आधार देण्याची परंपरा मात्र यात ओढू नये. मुंबईत निरलॉन, मफतलाल, टाटा यांसारख्या कंपन्यांनी खेळाडूंना पगारावर ठेवले. सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते, एकनाथ सोलकर मफतलालमध्ये. मैदानाच्या माळ्याच्या मुलाला त्या नोकरीने उभे केले, ही त्या पद्धतीची थोरवी आहे. तेव्हा चुकवायला वेतनमर्यादाच नव्हती. परंतु संघाचा मालक आणि नोकरी देणारी कंपनी एकच असेल, व संघाच्या वेतनाला मर्यादा असेल, तर तीच नोकरी वेगळ्या प्रकाशात पाहावी लागते. चेन्नई संघाचा कर्णधार महेंद्रसिंग धोनी संघमालक इंडिया सिमेंट्स कंपनीचा उपाध्यक्षही होता. त्यात मर्यादा चुकवण्याचा हेतू होता, असे कुणी दाखवून दिलेले नाही आणि तसे सुचवणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न व्यक्तीचा नाही, नियमाचा आहे. मालकाच्या भगिनी कंपनीने दिलेला पगार, जाहिरातीचे मानधन किंवा भागीदारी थैलीत मोजायची की नाही?

इंग्लंडच्या रग्बीने या प्रश्नाचे उत्तर कठोरपणे दिले. सॅरेसेन्स या विजेत्या क्लबच्या मालकाने आपल्या खेळाडूंबरोबर संयुक्त कंपन्या काढल्या होत्या. ही गुंतवणूक आहे, वेतन नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. क्लबला ५३ लाख पौंडांहून अधिक दंड झाला, ३५ गुण कापले गेले आणि अखेरीस त्याला खालच्या श्रेणीत जावे लागले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न स्टॉर्म या रग्बी लीग क्लबने करारांची दोन दप्तरे ठेवली होती. एक दाखवण्याचे, एक पाळण्याचे. २०१० मध्ये ते सापडले, तेव्हा त्याची २००७ व २००९ ची अजिंक्यपदे काढून घेण्यात आली. दोन्हीकडे शिक्षेचा मुख्य भार क्लबवर पडला, हे जडेजाच्या वर्षाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे तर काही वाटा चोरट्याही राहिलेल्या नाहीत. नियमानेच त्या फरसबंद केल्या आहेत. २०१० च्या लिलावात कायरन पोलार्डवर चार संघांनी साडेसात लाख डॉलरची कमाल बोली लावली. मग बंद लिफाफ्यात आकडे मागवले गेले आणि मुंबईने त्याला नेले. लिफाफ्यातील आकडा जाहीर झाला नाही. वरची रक्कम लीगच्या खात्यात गेली, पोलार्डला साडेसात लाखच मिळाले, आणि मर्यादा पाळली गेली! २०१४ मध्ये राखून ठेवलेल्या पहिल्या खेळाडूमागे थैलीतून साडेबारा कोटी वजा होत. प्रत्यक्षात त्याला किती द्यायचे हा त्याचा व मालकाचा खासगी मामला. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईला आला, तेव्हा त्याचे १५ कोटींचे वेतन सर्वांना कळले, पण मुंबईने गुजरातला दिलेले हस्तांतरशुल्क गुलदस्त्यातच राहिले. हे शुल्क लिलावाच्या थैलीत धरले जात नाही, आणि त्यातील निम्म्यापर्यंत वाटा खेळाडूला मिळू शकतो. यात बेकायदा काहीच नाही. मात्र ज्या मर्यादेच्या शेजारी न मोजला जाणारा, न सांगितला जाणारा एवढा मोठा आकडा राहू शकतो, तिला मर्यादा म्हणायचे ते कोणत्या अर्थाने?

खासगी करार उघड करणे खेळाडूच्या हिताचे नाही, असे यावर सांगितले जाईल. अमेरिकेतील फुटबॉलची मेजर लीग पाहावी. तिथे खेळाडूंची संघटना स्वतःच, २००७ पासून, प्रत्येक खेळाडूचे वेतन प्रसिद्ध करीत आली आहे. सहकाऱ्याला किती मिळते हे ठाऊक असलेला खेळाडू फसवला जाणे कठीण, हे त्या संघटनेने ओळखले. भारतात खेळत्या क्रिकेटपटूंची अशी संघटनाच नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे ती निवृत्त खेळाडूंची. म्हणजे ज्याच्या करारावर शाई वाळायची आहे, त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही.

क्रिकेट नियामक मंडळाला हे एका हंगामात करता येईल. हस्तांतरशुल्क थैलीत मोजावे, मालकाच्या सर्व संबंधित कंपन्यांनी खेळाडूला दिलेला प्रत्येक रुपया नोंदवून घ्यावा, आणि ही नोंदवही मंडळाच्या बाहेरच्या लेखापरीक्षकाच्या हाती द्यावी. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण आज स्पर्धेचा आयोजक मंडळ, मिळकतीचा भागीदार मंडळ आणि नियमभंगाचा न्यायाधीशही मंडळच. जालन्याच्या, परतूरच्या किंवा अंबडच्या एखाद्या मुलासमोर उद्या करारपत्र येईल, तेव्हा त्याने परस्पर बोलणी केली तर काय शिक्षा होते हे त्याला आधीपासून ठाऊक असेल. समोरच्या खुर्चीतील माणसाला काय शिक्षा होते, हे त्याला विचारून पाहावे.