लांबलचक अर्ज भरावा का? : मुक्त अनुवादकाच्या वेळेचा हिशोब

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात आजचा विषय जरा आगंतुक वाटेल. घरी बसून भाषांतराची कामं करणाऱ्या माणसाने एजन्सीचे लांबलचक अर्ज भरावेत की नाही, हा तो विषय. पण आपला वेळ कोणाच्या भरवशावर घालवायचा, हा प्रश्न काही नवा नाही. आणि आपण बसलोय घोडपदेवात. इथे तर तो गिरणीच्या भोंग्याइतका जुना आहे.

आधी हा अर्ज असतो कसा ते पाहू. नाव-पत्ता, शिक्षण, अनुभव इथवर ठीक. मग कायदा, औषधं, बँका, शेती अशा वीस-पंचवीस विषयांच्या यादीत खुणा करायच्या. प्रत्येक भाषाजोडीचा शब्दामागे दर लिहायचा, कोणती सॉफ्टवेअर वापरता ते सांगायचं, दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांचे संदर्भ द्यायचे, गोपनीयतेच्या करारावर सही करायची. शेवटी चाचणीचा उतारा, बहुधा बिनपैशाचा. यात दोन-तीन तास सहज जातात. उत्तर काय येतं? ‘आपलं नाव आमच्या यादीत नोंदवलं आहे.’ आणि पुढे बरेचदा शांतता.

एजन्सी एवढं विचारते ते सगळंच त्रास द्यायला नव्हे, हेही सांगायला हवं. भाषांतर सेवांसाठी आयएसओ १७१०० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१५ साली आलं. अनुवादकाकडे तीनपैकी एक पात्रता हवी, असं ते सांगतं : भाषांतराची पदवी, किंवा दुसऱ्या विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. ज्या एजन्सीला हे प्रमाणपत्र टिकवायचंय, तिला पुरावे जमवावेच लागतात. म्हणजे काही रकान्यांना कारण आहे.

पण अर्ज लांब झाला म्हणून अनुवादकाची पारख जास्त होते का? आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातली तीन इथे लावून बघा. पदवी आणि विषयांपुढच्या खुणा हे अनुमान : धूर दिसतोय, म्हणजे आग असणार. पण पदवी तिथे चांगलं भाषांतर, ही व्याप्ती काही पक्की नाही. पदवी असून भाषांतर वाचवत नाही, अशी उदाहरणं तुम्हीच द्याल. जुन्या गिऱ्हाइकाचा संदर्भ हे शब्दप्रमाण. सांगणारा विश्वासू असेल तर त्याला वजन. आणि चाचणीचा उतारा हे प्रत्यक्ष. अडीचशे-तीनशे शब्दांत जाणकाराला हात कळतो. अट एकच, तो उतारा मराठी जाणणाऱ्याने वाचला पाहिजे. म्हणजे अर्जातला सगळ्यात भक्कम पुरावा सगळ्यात आटोपशीर असतो. बाकीची लांबी पारखण्यासाठी कमी आणि छाननीसाठी जास्त. दराच्या रकान्यावरून यादी लावायला यंत्राला क्षणही लागत नाही.

आता गिरणगावाकडे या. गिरणीत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदली कामगार घेत. त्याने रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. काम मिळालं तर खाडा टळला, नाही तर घरी परत. कोणाला आत घ्यायचं हे जॉबरच्या हातात. १९३५ साली मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. ठराविक लोकांना बदली कार्डं दिली जात. त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं आणि रिकामी जागा भरताना त्यांना आधी घ्यायचं. यातून जॉबरची पकड पुरती सुटली असं नाही आणि रोजच्या कामाची हमीही मिळाली नाही. बदलीचं दुखणं इतकं टिकलं की १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातही बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती.

तरी त्या कार्डात एक गोष्ट होती. कामगाराने आपली सकाळ दिली, तर त्याच्या बदल्यात गिरणीही थोडी बांधली जात होती : आधी कार्डवाला, मग बाकीचे. आज एजन्सीच्या यादीत नाव लागलं, तर एजन्सी कशाने बांधली जाते? पुष्कळदा कशानेच नाही. उभं राहण्याचा खर्च सगळा आपला. कधी तर मोठ्या कंत्राटाची निविदा भरताना आपली माहिती जोडली जाते आणि काम जातं सगळ्यात स्वस्त माणसाकडे.

म्हणून आमचं म्हणणं असं, की अर्ज किती लांब आहे हे विचारू नका. तो भरल्यावर समोरचा कशाला बांधला जातो, ते विचारा. चाचणी कोण तपासणार? निकाल किती दिवसांत? दर कोण ठरवणार? आत्ता हातात एखादं काम आहे का? भरण्याआधी चार ओळींचं पत्र लिहून हे विचारावं. नाव असलेल्या माणसाचं उत्तर आलं, तर तीन तासही सत्कारणी. उत्तरच आलं नाही, तर ते तीन तास वाचले. आधार आणि पॅन मात्र काम ठरेपर्यंत देऊ नये. चाचणी तीनशे शब्दांपलीकडे गेली तर मोबदला मागावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कोणी म्हणेल, ‘सर, नवशिक्याकडे वेळच वेळ असतो. त्याने भरले म्हणून काय बिघडलं?’ हिशोब करू. समजा तासाला अडीचशे शब्द होतात आणि दर शब्दाला एक रुपया. एक अर्ज तीन तासांचा, म्हणजे साडेसातशे रुपयांचा. असे दहा भरले की साडेसात हजार. काम हातात नसेल तर हे पैसे खिशातून जात नाहीत, हे कबूल. पण त्याच तीस तासांत आपल्या आवडीच्या विषयाचे दहा-बारा पानांचे नीट नमुने तयार होतात. ते प्रकाशकाला, वकिलाला, संस्थेला, कोणालाही दाखवता येतात. अर्ज एकाच दारात चालतो, नमुना दहा दारांत.

आणि एक फॉर्म मात्र जरूर भरावा : उद्यम नोंदणीचा. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार, नोंदणी झालेल्याचं काम स्वीकारल्यावर पैसे ठरल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हा कायदा परदेशातल्या एजन्सीपर्यंत पोचणार नाही. पण इथल्या गिऱ्हाइकाला तो बांधतो. आपण मघापासून जी कसोटी लावतोय, तिला हा छोटासा फॉर्म उतरतो.

अर्ज म्हणजे विनंती, हे खरं. पण विनंती करणाऱ्याच्याही सकाळला किंमत असते. गेटवर उभं राहायचं तर आतून कोणीतरी बघतंय, एवढी खात्री आधी करून घ्यावी. आता तुमचे प्रश्न घेऊ.