आरंभीच्या हायपरटेक्स्ट प्रणालीतील शोधसूची

दुव्यामागून दुवा उघडत जाणे हे हायपरटेक्स्टचे वैशिष्ट्य होय; परंतु हजारो नोंदींच्या सूचीत ही पद्धती अपुरी पडते. सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये प्रस्तावित केलेल्या व पुढे विकसित केलेल्या वेबने यावर साधा मार्ग काढला. सूचीचे पृष्ठ आपण शोधयोग्य असल्याचे घोषित करी. वाचकाचे शब्द त्याच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्हानंतर जोडले जात आणि सर्व्हर जुळणाऱ्या नोंदींचे नवे पृष्ठ पाठवी. सर्नची दूरध्वनी-सूची अशाच रीतीने शोधता येऊ लागली. परिणामी प्रत्येक शोधाला स्वतःचा पत्ता लाभला व त्याचा संदर्भ देणे शक्य झाले. ज्या ग्रंथालय-सूचीत असा पत्ता टिकत नाही, तेथे अभ्यासकाला तोच शोध पुनःपुन्हा घ्यावा लागतो. सूचीप्रणाली निवडताना हा निकष अग्रक्रमाने विचारात घ्यावा.