दाराचे पैसे वादकांचे

न्यूयॉर्कच्या बॉवरी रस्त्यावर १९७३ साली हिली क्रिस्टल यांनी ‘सीबीजीबी’ हे मद्यालय उघडले. ही आद्याक्षरे कंट्री, ब्लूग्रास व ब्लूज यांची. गाजले मात्र ते रॉकमुळे! १९७४ पासून टेलिव्हिजन, रामोन्स असे शहरातलेच अनोळखी वृंद तेथे वाजवू लागले. गाणी स्वतःची हवीत, ही अट. धंदा मद्याचा, म्हणून आपल्या पेढ्यांना वर्ज्यच. तथापि हिशेब पाहण्याजोगा होता. दाराशी जमलेले पैसे वादकांचे, गल्ल्यातले मालकाचे. आरंभी श्रोते मोजकेच येत, तरी हा व्यवहार टिकला. अखेर घात केला तो भाड्याच्या वादाने. १५ ऑक्टोबर २००६ च्या रात्री पॅटी स्मिथ यांनी तेथील शेवटची मैफल गायिली. पुढे त्याच गाळ्यात उंची कपड्यांचे दुकान थाटले गेले.