फाइल आपली, तरी परवानगी नाही

कर्जत-खालापूरकडच्या अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने विंडोज लॅपटॉपवर सिगविन (विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण देणारे सॉफ्टवेअर) बसवले, त्यात प्रकल्पाची फाइल केली आणि नोटपॅड ती साठवू देईना, तर फाइल खराब झाली असे समजू नये. गोंधळ बहुधा परवानग्यांचा असतो.

युनिक्समध्ये मालक, गट आणि इतर या तिघांना वाचणे, लिहिणे, चालवणे अशा 9 खुणा पुरतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलला परवानगी-मनाईची यादी असते. ती सहसा वरच्या फोल्डरकडून वारशाने येते. सिगविन त्या 9 खुणा या यादीतच लिहून ठेवते. मग वारसा तुटू शकतो, नोंदींचा क्रमही विंडोजला अपेक्षित तसा नसतो. एक्सप्लोरर क्रम लावू का विचारतो, तेव्हा घाईने ‘हो’ म्हणू नये; अर्थच बदलू शकतो.

आधी मालक कोण ते पाहावे. मग विंडोजच्या ‘आयकॅकल्स’ आज्ञेला ‘रीसेट’ जोडून वारसा परत आणावा. पुढच्या फाइलींसाठी सिगविनच्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये त्या ड्राइव्हला ‘नोएसीएल’ लावता येते. मात्र मग तिथे परवानग्या बदलणाऱ्या ‘चमॉड’ आज्ञेला फारसा अर्थ उरत नाही.

विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या, 2016 मध्ये आलेल्या डब्ल्यूएसएलमध्ये वेगळी अडचण: सी ड्राइव्हवर ‘मेटाडेटा’ पर्याय नसेल तर फाइली 777 (सर्वांना सर्व परवानग्या) दिसतात आणि दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारे एसएसएच खासगी किल्ली नाकारते. किल्ली लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवून 600 (फक्त मालकाला वाचणे-लिहिणे) करावी. सगळ्याला 777 देण्याचा सल्ला मात्र कुणाचाही ऐकू नये.