मातीवरील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती

"पूर्वीचे मल्ल आतां राहिले नाहींत," हा उद्गार फडाभोंवतीं बसलेल्या वडील मंडळींच्या तोंडून आपण पुष्कळ वेळां ऐकतों. हें दुःख केवळ आपल्याच देशाचें आहे असें मात्र नाहीं. पाश्चात्य देशांतील मुष्टियुद्धाचे शौकीनहि असेंच म्हणतात. अमेरिकेचा जो लुई हा सर्वांत वजनदार गटांतील अजिंक्यपद १९३७ पासून १९४९ पर्यंत भूषवीत होता व तें त्यानें २५ वेळां राखिलें; हल्लीं निरनिराळ्या संस्था आपापला निराळा पट्टा देतात, तेव्हां खरा विजेता कोण हेंच पुष्कळदां उमगत नाहीं, अशी त्यांची तक्रार असते. तेव्हां जुन्याविषयींच्या या ओढींत तथ्य किती व मोह किती, हें आपल्या मराठी कुस्तीवरून पाहूं.

प्रथम दोन्ही प्रकारांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. आखाड्यांतील तांबडी माती चाळून तींत ताक, तेल, हळद व लिंबाचा रस मिसळतात, म्हणजे ती मऊ होते व अंगास बाधत नाहीं. मातींत पाय रुततो, हालचाल मंदावते. म्हणून तेथें पकड, दम आणि अंगांतील ताकद यांस फार महत्त्व येतें. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीस लागली कीं कुस्ती निकालीं निघाली. गुण मोजणें नाहीं, घड्याळाकडे पाहणेंहि बहुधा नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबानें पहाट होईपर्यंत झोंबी केल्याची कथा आपण वाचतों. जुन्या फडांतील मल्लास ती मुळींच अशक्य वाटली नसती.

गादीवरील कुस्ती याहून निराळी. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळांत, तीन तीन मिनिटांच्या दोन डावांत ती खेळली जाते. प्रतिस्पर्ध्यास चीत केलें तर तेथेंहि कुस्ती तत्काळ संपते. परंतु तसें न झाल्यास खालीं घेणें, पाठ गादीकडे वळविणें, वर्तुळाबाहेर ढकलणें यांचे गुण मोजून निकाल देतात. मुक्तशैलींत दहा गुणांची आघाडी मिळाली म्हणजे झुंज थांबवितात. येथें पाय रुतत नाहीं, म्हणून चपळाई व क्षणार्धांत डाव टाकण्याची बुद्धि यांचें मोल वाढतें.

आतां जुन्या काळच्या एका अत्यंत गाजलेल्या झुंजीचें उदाहरण घेऊं. १९१० सालीं लंडन येथें गामा पहिलवानाची गांठ पोलंडच्या झिबिस्को याच्याशीं पडली. झिबिस्को पोटावर पडून राहिला तो दोन तासांहून अधिक वेळ उठेना, व कुस्ती अखेर अनिर्णित राहिली. पुढें १९२८ सालीं पतियाळा येथें त्याच दोघांची पुन्हां कुस्ती झाली आणि गामानें त्यास एका मिनिटाच्या आंत अस्मान दाखविलें. आमच्या स्मरणांत तें एक मिनिट राहिलें आहे. ते दोन तास आम्हीं विसरलों! जुन्या काळाचें चित्र नेहमीं असेंच रंगविलें जातें. कालमर्यादा, गुण आणि केवळ बचाव करीत राहणाऱ्यास ताकीद हे नियम अशा कंटाळवाण्या झुंजी टळाव्या म्हणूनच उपयोगी पडतात.

याहून बोधप्रद उदाहरण खाशाबा जाधव यांचें. हे कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे. आखाड्याच्या मातींत तयार झालेला हा तरुण १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवर उतरला. ती त्याच्या पायांस परकी होती, तरी त्यानें सहावा क्रमांक मिळविला. पुढच्या खेपेस हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालीं ५७ किलो वजनाच्या गटांत खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. कुस्तींतील दुसरें पदक मिळण्यास २००८ साल उजाडावें लागलें. जुन्या फडांत मोठें इनाम व मोठें नांव बहुधा धिप्पाड मल्लाच्याच वांट्यास येई. लहान चणीच्या मनुष्यास जगापुढें उभें राहण्याची संधि दिली ती वजनगटांनीं.

मग जुन्यांत आदरणीय असें कांहींच नव्हतें काय? पुष्कळ होतें. राजर्षि शाहू महाराजांनीं मल्लांस आश्रय दिला आणि कोल्हापुरास खासबाग मैदान बांधविलें. तेथील आखाडा अशा बेतानें रचिला आहे कीं दूर बसलेल्या गरीब शेतकऱ्यासहि झुंज स्पष्ट दिसावी. तालमींत वस्तादाच्या नजरेखालीं पहाटेचे दंड-बैठका, निर्व्यसनीपणा, धाकट्यास डाव शिकविण्याची थोरल्याची रीत, हें शिक्षण होतें. तें गेलें तर गादी कितीहि उत्तम असली तरी तिच्यावर उभा राहणारा मल्ल कोठून येणार?

सुदैवानें या दोहोंची सांगड घालण्याची वाट आपल्याच प्रांतानें दाखविली आहे. १९६१ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत माती व गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांतील विजेते अखेरच्या झुंजींत एकमेकांसमोर येतात. २०२३ सालीं सांगली येथें प्रतीक्षा बागडी ही पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. ज्या आखाड्यांत मुलींस पाऊल टाकूं देत नसत, त्या विद्येंत हें घडलें, हेंहि नव्या काळाचें देणें होय.

तेव्हां कळमेश्वरच्या वडील मंडळींनीं जुन्या मल्लांच्या गोष्टी अवश्य सांगाव्या. परंतु त्याबरोबर आपल्या मुलामुलींस गादीवरहि सराव मिळतो कीं नाहीं, हें पाहावें. खाशाबांस लंडनमध्यें जी अडचण आली, ती आज आपल्या पाल्यास जिल्ह्याच्या स्पर्धेंत येऊं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं नव्या नियमांत खेळा, पण पहाटे उठण्याचा जुना नियम मोडूं नका. मल्ल गादीनें होत नाहीं कीं मातीनेंहि होत नाहीं. तो रोजच्या मेहनतीनें होतो.